बाकावरचा जाणकार

डॉन झिमर यांची बेसबॉलमधली फलंदाजीची सरासरी .२३५ होती. शंभर प्रयत्नांत तेवीस-चोवीस वेळा यश. तीसवर पोचणारा फलंदाज इथे थोर गणला जातो, म्हणजे झिमर मध्यमांतही खालचेच. तरीही १९४९ पासून २०१४ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांचं घर याच खेळावर चाललं. याला नुसती चिकाटी म्हणणं अपुरं आहे. खेळता येणं वेगळं आणि खेळ कळणं वेगळं. बेसबॉलला या दुसऱ्या गुणाचीही तेवढीच गरज असते.

पहिला गुणही त्यांच्यात होता. ब्रुकलिन डॉजर्सचा भावी शॉर्टस्टॉप म्हणून त्यांच्याकडे पाहिलं जात होतं. पण १९५३ मध्ये, दुय्यम लीगमध्ये खेळताना चेंडू कानशिलावर बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. जवळजवळ दोन आठवडे ते बेशुद्ध होते आणि शस्त्रक्रियेत कवटीला भोकं पाडावी लागली. (१९६२ मध्ये बार्बाडोसला क्रिकेटपटू नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्यावर असाच प्रसंग आला आणि त्यांची कसोटी कारकीर्द तिथेच संपली.) झिमर पुढच्याच वर्षी डॉजर्सकडून मैदानात उतरले. १९५५ च्या वर्ल्ड सीरिजच्या सातव्या, निर्णायक सामन्यात सहाव्या डावात त्यांच्या जागी दुसरा फलंदाज पाठवला गेला. त्या अदलाबदलीमुळे सँडी अमोरोस लेफ्ट फील्डला आले आणि त्याच डावात त्यांनी योगी बेराचा अवघड झेल टिपला. ब्रुकलिन २-० ने जिंकलं. एक माणूस हलवला की सामना कसा फिरतो, याचा याहून नेमका धडा कोणता?

पण मग हे जाणकार १९७८ मध्ये बोस्टनचे मॅनेजर असताना काय झालं, असं कुणीही विचारेल. न्यूयॉर्क यांकीजवरची १४ सामन्यांची आघाडी त्या संघाने घालवली, आणि ९९ विजय मिळवूनही तो बरोबरी सोडवणाऱ्या एका जादा सामन्यात ५-४ ने हरला. हा आक्षेप खरा आहे. कोपरात हाडाचे तुकडे सुटलेल्या बुच हॉब्सनला त्यांनी तिसऱ्या बेसवर खेळवत ठेवलं. त्याच्या हातून त्या मोसमात ४३ चुका झाल्या. स्वतः एवढं सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुखणं किरकोळ वाटलं असावं. मात्र ही चूक अंतिम निर्णय हाती असलेल्या मॅनेजरची होती. १९९६ पासून यांकीजमध्ये जो टोरी यांच्या शेजारी बेंच कोच म्हणून बसताना झिमर यांचं काम सुचवण्याचं होतं, आणि त्या काळात संघाने चार वर्ल्ड सीरिज जिंकल्या. पैसा यांकीजकडे होता, खेळाडूही अव्वल होते, हे मान्य. पण १९९९ मध्ये टोरी कर्करोगावरच्या उपचारांसाठी रजेवर गेले तेव्हा हाच संघ झिमर यांच्या हाती होता, आणि ३६ पैकी २१ सामने जिंकला.

पुढे टँपा बे संघाने त्यांचा ६६ हा जर्सी क्रमांक निवृत्त केला. कूपर्सटाऊनच्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र खेळाडू, मॅनेजर, पंच, पदाधिकारी यांची निवड होते. कोचसाठी वेगळा वर्ग नाही. तो असायला हवा.