एकानं केलं, सगळे सुटले!

शेजाऱ्यानं रोजा धरला म्हणून आपला होत नाही. पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात ही ज्याची त्यानंच करायची कामं, म्हणजे फर्जे-ऐन. पण इस्लामी कायद्यात दुसराही फर्ज (बंधनकारक कर्तव्य) आहे, सगळ्यांवर मिळून टाकलेला: फर्जे-किफाया. पुरेशा माणसांनी तो उचलला की बाकीचे मोकळे. कुणीच हात लावला नाही, तर ठाऊक असूनही न करणारा प्रत्येक जण गुन्हेगार!

मयतीचंच घ्या. गुस्ल (आंघोळ), कफन, नमाज, दफन, चारही किफाया. उल्हासनगरात जनाजा निघाला की ओळखदेख नसलेलेही चार पावलं खांदा देतात. कफनात पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. आणि जनाज्याच्या नमाजेत ना रुकू (वाकणं), ना सजदा (कपाळ टेकणं). चार तकबिरी (‘अल्लाहू अकबर’), सगळं उभ्यानं.

बदलापूर लोकलच्या ग्रुपला कुणी सलाम केला? एकानं उत्तर दिलं तरी पुरे.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मशिदीत मुक्काम करायचा, तो एतिकाफ. हनफी या कायदे-परंपरेच्या मतानं मोहल्ल्यातला एक जण बसला तरी अख्ख्या मोहल्ल्याची सुन्नत (पैगंबरांची रीत) अदा होते.

बकरी ईदला मात्र मजहब, म्हणजे कायद्याची परंपरा, बघावा लागतो. हनफींमध्ये ज्याच्याकडे निसाबाइतकी (ठरलेल्या किमान मर्यादेइतकी) मालमत्ता, त्या प्रत्येकावर कुर्बानी वाजिब (आवश्यक); नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. ठाणे जिल्ह्यातले कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे. त्यांच्यात एकाची कुर्बानी सगळ्या घराची सुन्नत पुरी करते.

माझ्या लेखी सगळ्यात थोर नियम बुडणाऱ्याचा. त्याला वाचवणं किफाया. पण काठावर पोहता येणारा एकटाच असेल, तर तेच त्याच्यावर फर्जे-ऐन होतं. नमाजेत उभा असेल तर नमाज मोडायची, रोजा सोडल्याशिवाय जमत नसेल तर रोजा सोडायचा. नमाज नंतर पढता येते, गेलेला जीव परत येत नाही. उल्हास नदीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सुमारे १०५० प्रवासी बाहेर काढले. एनडीआरएफच्या बोटी होत्या, नौदल होतं आणि मदतीला धावलेले आसपासचे गावकरीही होते. कायद्याच्या भाषेत हाच किफाया: ज्याला जे जमतं, ते त्यानं करायचं.

ऐन आणि किफाया, यांतला मोठा फर्ज कुठला? इमाम जुवैनींनी किफायाला झुकतं माप दिलं, कारण करणारा स्वतःबरोबर सगळ्या समाजाला पापातून सोडवतो. त्यांचेच शिष्य इमाम गजाली (मृत्यू ११११). त्यांनी वैद्यक आणि हिशेबही किफायात बसवले, आणि समकालीनांना खडसावलं: कितीतरी गावांत एकही मुसलमान वैद्य नाही, तरी जो तो फिकह (धर्मकायदा) शिकायलाच गर्दी करतो!