पाण्याची साक्ष

शस्त्रक्रियागृहात हवा गाळूनच सोडावी लागते. कारण धूलिकणांवरून आलेले जंतू उघड्या जखमेत शिरले, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. या कामी वापरली जाणारी दाट गाळणी ०.३ मायक्रोमीटर आकाराच्या १०,००० कणांपैकी किमान ९,९९७ कण अडवते. परंतु अडवलेली धूळ तिच्यातच साचते व हवेचा ओघ मंदावतो. गाळणी तर बंद पेटीत असते! मग ती तुंबली, हे ओळखावे कसे?

त्यासाठी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली, रंगीत पाण्याची काचनळी वापरता येते. तिचे एक टोक गाळणीच्या अलीकडील हवेला व दुसरे पलीकडील हवेला जोडतात. अलीकडे दाब अधिक असल्याने त्या बाजूचे पाणी खाली जाते व दुसऱ्या बाजूचे वर चढते. दोन्ही पातळ्यांत १ मिलिमीटर अंतर म्हणजे सुमारे ९.८ पास्कल दाबाचा फरक होय. गाळणी तुंबत जाते, तसे हे अंतर वाढते. ते ठरलेल्या मर्यादेस पोहोचले, की गाळणी बदलतात.

मात्र अंतर एकाएकी घटले, तर निर्धास्त राहू नये. कदाचित गाळणी फाटली असेल किंवा पंखा बंद पडला असेल! म्हणूनच दक्ष कर्मचारी दररोज पाण्याची पातळी पाहतो आणि तिची नोंद ठेवतो.