डोंगरातली लांब सायकल राइड: पाणी कमी पडले की जास्त झाले?

पावसाळा सरला की डोंगरातल्या कच्च्या वाटांवर माउंटन बाइक घेऊन जाणाऱ्यांची गर्दी वाढते. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी दगडगोट्यांची वाट त्यांच्या नेहमीच्या आवडीची. निघताना घरचे बजावतात, "पाणी पीत राहा." सल्ला काळजीपोटी दिलेला असतो, पण तो अर्धाच बरोबर आहे. पाणी कमी पडल्याने जसा त्रास होतो, तसाच पाच-सहा तास सतत नुसते पाणी पीत राहिल्यानेही होऊ शकतो. दोन्हींची सुरुवातीची लक्षणे बरीच सारखी असतात: डोकेदुखी, मळमळ, थकवा, गरगरणे.

डांबरी रस्त्यावर ३० किलोमीटर दीड-दोन तासांत होतात. दगडांच्या चढउतारावर त्यालाच चार-पाच तास लागू शकतात. म्हणून खाण्यापिण्याचा हिशोब किलोमीटरवर नव्हे, तासांवर करा. चढावर वेग इतका कमी असतो की अंगाला वारा लागत नाही, घाम नीट वाळत नाही आणि शरीर तापत जाते. उतारावर दोन्ही हात हँडलवर घट्ट असल्यामुळे बाटली काढता येत नाही. मग थांबल्यावर लिटरभर पाणी एकदम घटाघटा प्यायले जाते.

जास्त पाण्याने नेमके काय होते?

घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. त्यात दीर्घ श्रमाच्या वेळी शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक सोडते, त्यामुळे मूत्रपिंडे जादा पाणी पटकन बाहेर टाकत नाहीत. प्यायलेले पाणी शरीरात साठते आणि रक्तातले सोडियम पातळ होते. तपासणीच्या अहवालात ते साधारण १३५ ते १४५ असायला हवे. ते झपाट्याने उतरले तर मेंदूला सूज येते. माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात, बेशुद्ध होतो. जीवही जाऊ शकतो.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते, त्यांना हा धोका अधिक होता. ते धावपटू होते, पण तासन्‌तास सायकल मारतानाही शरीराचे गणित हेच राहते.

मग प्यायचे किती? तहान लागेल तेवढे, थोडे थोडे. मी रुग्णांना एक साधा उपाय सांगतो. एखाद्या सरावाच्या राइडआधी आणि नंतर वजन करा (घामाने भिजलेले कपडे काढून). ६०-७० किलोच्या माणसाचे वजन अर्धा ते एक किलोने उतरले तर चिंता नाही. वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले. ओआरएसचे मोठे पाकीट मोजून एक लिटर पाण्यातच मिसळा. मात्र ओआरएसमधले सोडियम रक्ताच्या जवळपास निम्मेच असते, त्यामुळे तेही अति प्यायल्यास सोडियम उतरू शकते. दर तासाला काहीतरी खा: केळे, चिक्की, खजूर, खारे शेंगदाणे. महागड्या जेलवाचून अडत नाही.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या असतील, तर राइड ठरवतानाच डॉक्टरांशी बोला. मनाने गोळी बंद करू नका. आणि अंग दुखेल म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन निघण्याची सवय सोडा. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

घरच्यांसाठी

सोडियम उतरल्याची लक्षणे काही वेळा घरी परतल्यावर, काही तासांनी दिसतात. डोके ठणकते, उलट्या होतात, बोटांतली अंगठी घट्ट वाटते. "ऊन लागलं" असे म्हणून घरात पाणी, सरबत, ग्लुकोज पाजणे सुरू होते आणि त्रास वाढतो. तोंड कोरडे आहे, तहान आहे, लघवी गडद आणि थोडी होते आहे, तर पाणी कमी पडले असण्याची शक्यता जास्त. पोट डबडबलेले, तहान मुळीच नाही आणि दिवसभर भरपूर पाणी प्यायले आहे, तर आणखी पाजू नका.

बोलण्यात गोंधळ, झटका किंवा गुंगी दिसली तर घरी अंदाज बांधत बसू नका, १०८ ला फोन करा. अंग भट्टीसारखे तापलेले असेल तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका.

रुग्णालयात गेल्यावर राइड किती तासांची होती, किती लिटर पाणी प्यायले, काय खाल्ले, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे आपणहून सांगा आणि सोडियम तपासायची आठवण करा. सलाइन कोणते लावायचे, हे त्या अहवालावर ठरते. पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली आणि मांड्या फार दुखत असतील, तर स्नायूंना इजा झालेली असू शकते. त्यासाठीही त्याच दिवशी दाखवा.