भिंतीवरचा संगमरवर

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक चिमुकली स्त्रीप्रतिमा जतन केलेली आहे. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली दुसरी प्रतिमा १९३८ साली इटलीतील पॉम्पेई नगरीच्या उत्खननात सापडली. आणि ती नगरी इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली असल्यामुळे, तगर या नावाने प्राचीन प्रवासवृत्तांतही ज्याचा उल्लेख करतात त्या आपल्या तेरचा व्यापारी परिचय किती दूरवर पोचला होता, याची साक्ष त्या दोन मूर्ती आजही देत आहेत. त्याच पॉम्पेईतील घरांच्या भिंतींवर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, तेथील कारागिरांनी गिलाव्याला उठाव देऊन व त्यावर रंग चढवून संगमरवरी शिळांचा हुबेहूब आभास निर्माण केला होता. आज आपले रंगारी ज्याला टेक्श्चरचे काम, मार्बल फिनिश किंवा वुड फिनिश म्हणतात, त्या विद्येची वंशावळ इतकी जुनी आहे.

एका द्रव्याचे रूप दुसऱ्या द्रव्यात उतरवणे हे आपल्याकडेही परके नाही. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात छताला आधार देण्याचे कोणतेही प्रयोजन नसताना लाकडी फासळ्यांसारख्या फासळ्या पाषाणात कोरलेल्या आहेत, आणि तेरच्या त्रिविक्रम मंदिराने मूळ लाकडी वास्तूची चैत्यकमान विटांत साकार केली आहे. त्या शिल्पकारांना कोणी फसवणूक करणारे म्हटले नाही. कारण आवडत्या रूपाची स्मृती नव्या साधनांनी टिकवून ठेवणे हा कलेचा स्वभावच आहे.

धाराशिव जिल्ह्यात या स्मृतीला एक वेदनेचा पदरही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात आजच्या उमरगा व लोहारा तालुक्यांतील दगडमातीची माळवदी घरे कोसळली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी उन्हापासून रक्षण केले त्याच जाड भिंती व ते मातीचे जड छत कित्येकांच्या मृत्यूला कारण झाले. त्यानंतर उभी राहिलेली सिमेंटची घरे सपाट आणि एकसारखी असणे अपरिहार्यच होते. काळ्या पाषाणाचा चिरा आणि सागवानी दाराची रेघ यांची ओढ मात्र माणसाच्या मनातून जात नाही. भिंतीवर तोळाभरही भार न घालता ती ओढ पुरवणारा कारागीर म्हणूनच या जिल्ह्यात अनावश्यक चैन विकतो असे मला वाटत नाही.

हे काम कसे चालते ते जवळून पाहावे. भिंतीत लांबी भरून, ती पॉलिश पेपरने घासून, प्रायमरचा एक आणि पांढुरक्या पायारंगाचे दोन हात दिले, की ते पुरते वाळू द्यावे लागतात. मग सावकाश वाळणाऱ्या पारदर्शक ग्लेझमध्ये किंचित करडा रंग मिसळून तो भिंतीवर तिरका पसरतात, ओल्या स्पंजाने टिपतात, आणि मऊ ब्रश जेमतेम स्पर्श करील असा फिरवून त्याच्या कडा विरवतात. शेवटी शिरा काढायच्या. बारीक ब्रश टोकाशी सैल धरून, बोटांत हलकेच वळवीत तो ओढला, की शीर मध्येच जाडावते, फुटते आणि धुक्यात नाहीशी होते. दोन शिरा समांतर गेल्या, की पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावर अडलीच म्हणून समजा! लाकडासाठी तपकिरी ग्लेझ ओला असतानाच रबरी कंगवा ओढतात, आणि फळीच्या मधोमध दिसणाऱ्या महिरपीसारख्या रेषांसाठी अर्धगोल रबरी साचा मागेपुढे डोलवीत खाली आणतात. आपल्याकडच्या वैशाखात ग्लेझ हाताखालीच सुकतो, सबब हे काम सकाळच्या पहिल्या प्रहरी करणे इष्ट. नव्या गिलाव्याची ओल पूर्ण जाण्यापूर्वी जो घाई करतो, त्याच्या संगमरवरावर पुढे क्षार फुलतात.

या धंद्यात पडू इच्छिणाऱ्या तरुणाने दुकानाच्या पाटीआधी नमुन्यांच्या पाट्या तयार कराव्यात. दोन फूट लांबीरुंदीच्या प्लायवूडवर काळा पाषाण, सागवान आणि पांढरा संगमरवर इतकेच प्रथम साधावे. आणि त्यासाठी कंपनीच्या रंगपुस्तिकेपेक्षा नळदुर्ग किल्ल्याचा तट अधिक मोलाचा गुरू आहे. चिऱ्याचा काळेपणा सर्वत्र सारखा नसतो, त्यात निळसर व तांबूस छटा असतात, सांध्यापाशी सावली गडद होते, हे तेथे तासभर उभे राहून पाहिल्याविना हातात उतरत नाही.

हिशेबाचा मामला मात्र रोखठोक असावा. बारा फूट लांब व दहा फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. त्यावर साहित्य, हाताखालच्या माणसाची रोजंदारी, परांची, येण्याजाण्याचा खर्च आणि बिघडलेला भाग पुन्हा करण्याची तरतूद धरूनच दर सांगावा. उक्ते काम घेताना छटा, मुदत आणि हप्ते लिहून घ्यावेत, आणि नमुना पसंत झाल्यावर इसार घेतल्याखेरीज डबा उघडू नये. गुत्तेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्याने तर ही लेखी शिस्त अधिकच पाळावी.

सरकारी दप्तरातील वाटाही माहीत असाव्यात. १ जुलै २०२० पासून चालू असलेली उद्यम नोंदणी विनाशुल्क होते. मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते, आणि ब्रश, रोलर, कंगवे, शिडी व पहिल्या कामाचे साहित्य यांसाठी लहान भांडवलाची ही तजवीज उपयोगी पडते. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर राबणाऱ्या रंगाऱ्याला इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत गवंडी आणि सुतार आहेत, रंगारी नाही. ही उणीव दूर व्हावी, असे मनापासून वाटते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. तेव्हा बिननावाचा स्वस्त डबा गिऱ्हाइकाच्या घरात नेऊ नये, कारण त्या घरात मुले असतात आणि घासकामाची धूळ प्रथम आपल्याच छातीत जाते.

अखेरची गोष्ट सचोटीची. रंगवलेल्या पाषाणावर हात ठेवला, तर खऱ्या पाषाणाचा गारवा लागत नाही. हे कारागिराने आपल्या तोंडाने, काम ठरण्यापूर्वीच सांगावे, आणि गिऱ्हाइकाचा हात नमुन्याच्या पाटीवर स्वतः ठेवावा. एवढे कळूनही जो ‘करा’ म्हणतो, त्याने दगड विकत घेतलेला नसतो. दगडाकडे तासभर उभे राहून पाहिलेल्या माणसाची नजर त्याने आपल्या घरात बोलावलेली असते.