गाडीचा दम मोजताना

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या इंजिनावर लिहावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. पण आमचे घर दादाच्या डिझेल गाडीवर चालते. मंचरहून भीमाशंकरला भाविक नेणारी ही गाडी गेल्या श्रावणाच्या तोंडावर डिंभ्यापुढच्या चढावर दम सोडू लागली. मागे काळा धूर आणि चाल बैलगाडीची! एका गॅरेजवाल्याने उभ्या गाडीची रेस वाढवून पाहिली आणि ‘टर्बो गेला, नवा टाका’ असे सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून आई गप्पच बसली.

हा टर्बो म्हणजे काय? चूल पेटायला फुंकणी लागते, तशी डिझेल नीट जळायला भरपूर हवा लागते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. वाटेत इंटरकूलरमध्ये ती थंड होते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हवेच्या या जादा दाबालाच ‘बूस्ट’ म्हणतात.

तो मोजण्यासाठी इंजिन खोलावे लागत नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात छोटा स्कॅनर लावला की दाब मोबाईलवर दिसतो. प्रथम चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. तेव्हा दिसतो तो नुसता वातावरणाचा दाब. समुद्रकाठी तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो. जुन्नर समुद्रसपाटीपासून जवळजवळ सातशे मीटर उंच, म्हणून आपल्याकडे ९३ च्या आसपास. आकडा फारच निराळा आला, तर आधी सेन्सरवर संशय घ्यावा.

मग इंजिन गरम झाल्यावर, मोकळ्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. ओझे पडल्याशिवाय टर्बो पुरता दाब देत नाही. उभ्या गाडीवर केलेली परीक्षा म्हणूनच फसवी. गाडी एकाने चालवावी, आकडे दुसऱ्याने वाचावेत.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे पडद्यावरचे इंग्रजी वाचण्याचे काम माझ्याकडे आले. इंजिनाचा संगणक २२० मागत होता आणि मिळत होते १५०. दोन्हींतून ९३ वजा करा : हवा होता १२७ बूस्ट, हाती आला ५७, म्हणजे निम्म्याहून कमी.

तरीही एवढ्यावरून टर्बोला दोषी ठरवू नये. हवेचा पाइप फाटला, क्लिप सैल झाली किंवा एअर फिल्टर चोंदला, तरी दाब घसरतो. टर्बोची पाती काजळीने अडकली, तर तो कमी होतो किंवा उलट वाढतोही. नारायणगावच्या एका वयस्क मिस्त्रींना मी वहीतले आकडे दाखवले. त्यांनी इंटरकूलरच्या पाइपावर हात फिरवला. क्लिपखाली तेलकट ओल होती आणि तिच्याआड बोटभर चीर! नवा पाइप काही शेकड्यांत बसला. पुन्हा त्याच चढावर गेलो. आकडा २१८ वर पोचला.

त्या श्रावणात गाडी एकही सोमवार चुकली नाही. माझी दुसऱ्या वर्षाची फी तिच्यातूनच भरली गेली. आई आता शेजारणींना सांगते, “पोरगी कॉलेजात आकडे वाचायला शिकली.” मराठी वाङ्मय हा माझा विषय आहे, हे मी तिला अजून समजावलेले नाही.