पाणवठा आणि दवाखाना

माझा थोरला भाऊ पनवेलच्या नाक्यावर बिगारी करी. देशी दारूने तो खंगला. रात्री कानांत आवाज येऊ लागले. २०१९ साली आईने मंगळसूत्र मोडून त्याला खाजगी केंद्रात ठेवले. पैसे संपले, भाऊ घरी आला.

महाड आमच्याच जिल्ह्यात. सरकारी पैशाने चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. तो कागदावरच राहिला. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला.

तसाच कागद आज आपल्या हाती आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूच्या व्यसनातून येणाऱ्या मनोविकारांनाही आजार मानतो. कलम १८ सांगते: दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी मानसोपचार मोफत. जिल्ह्यात किमान सेवाच नसेल, तर जिल्ह्यातच अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारचा. ही भीक नव्हे, हक्क आहे.

तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत मद्यविकाराचे शंभरातले ८६ रुग्ण उपचाराविना आढळले. भावाच्या प्रत्येक बाटलीवर सरकारने कर घेतला. उपचाराची वेळ आली तेव्हा मंगळसूत्र आईचे गेले.

हे कलम आम्हांला कुणी सांगितले नाही. मित्रहो, ते वस्तीत वाचून दाखवा. लेखी अर्ज करा, पोच घ्या. तळे चालत गेल्याशिवाय खुले झाले नव्हते.