रातकिड्यांची निगा

काचपात्रात अरोवाना मासा किंवा घरात परदेशी पाल पाळणारे लोक त्यांना जिवंत रातकिडे खाऊ घालतात. खाणाऱ्या प्राण्याची ते मनापासून काळजी घेतात. रातकिड्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः रातकिड्याच्या पोटात जे असते, तेच अखेरीस खाणाऱ्याच्या पोटात जाते. उपाशी, रोगट रातकिडा हे निःसत्त्व अन्न होय.

जयपूरमधील बनी पार्क या वस्तीचे उदाहरण घेऊ. तेथील बागांतून रातकिडे पकडून आणण्याचा मोह होतो. परंतु झाडांवर किंवा वाळवीसाठी फवारलेले विष त्यांच्या शरीरात असू शकते. म्हणून ते घरीच वाढवावेत.

रातकिड्याला 28 ते 32 अंश सेल्सिअस तापमान मानवते. जयपूरला मे-जूनमध्ये पारा 40 अंशांच्या वर जातो, तर जानेवारीच्या रात्री तो 10 अंशांखाली उतरतो. यास्तव रातकिड्यांची पेटी गच्चीवर न ठेवता आतल्या खोलीत ठेवावी. कूलरचा ओलसर झोत तिच्यावर येऊ देऊ नये, कारण दमट पेटीत बुरशी धरते. पेटीच्या झाकणाला बारीक धातूची जाळी असावी. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवले, म्हणजे रातकिड्यांना लपण्यास जागा मिळते. दाटी झाली, की ते एकमेकांना खातात. नुकतीच कात टाकलेला मऊ रातकिडा प्रथम बळी पडतो. मुंग्या येऊ नयेत म्हणून पेटीच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. त्या खोलीत डासांचे औषध मात्र कधीही फवारू नये.

उघड्या पाण्यात रातकिडे बुडून मरतात. म्हणून ओला कापूस ठेवून तो रोज बदलावा. कोंडा, डाळीचे पीठ, गाजर व धुतलेला पाला हे त्यांचे चांगले खाद्य होय. उरलेला पाला दुसऱ्या दिवशी काढून टाकावा. रातकिड्याच्या शरीरात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच थोडे असते. केवळ अशा खाद्यावर वाढलेल्या पालीची हाडे मऊ होऊन वाकतात. म्हणून पालीला देण्यापूर्वी एक-दोन दिवस रातकिड्यांना सकस आहार द्यावा आणि देतेवेळी त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी.

मादी ओलसर मातीत अंडी घालते. मातीची वाटी उबेत ठेवल्यास सुमारे दोन आठवड्यांत पिले बाहेर येतात. जयपूरच्या कोरड्या हवेत ही माती एका दिवसात सुकू शकते आणि मग अंडी वाया जातात.

आता रोगाविषयी. घरगुती रातकिड्यांमध्ये डेन्सोव्हायरस नावाच्या विषाणूची साथ येते. मोठी पिले व तरुण कीटक उताणे पडून मरतात. या रोगावर औषध नाही. 2009-10 च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील अनेक रातकिडा-पालन केंद्रे या साथीने उद्ध्वस्त झाली. यावरून घरी पाळणाऱ्यानेही बोध घ्यावा. बाहेरून आणलेले रातकिडे काही दिवस वेगळे ठेवावेत, एकाऐवजी दोन पेट्या बाळगाव्यात आणि मेलेले कीटक रोज उचलावेत.

पेटीला उग्र वास येऊ लागला, की निगेत उणीव राहिली असे समजावे. अशा पेटीतील कीटक आपल्या पाळीव प्राण्याला घालण्याआधी पेटी स्वच्छ करावी, हे उत्तम.